छंद आणि कल्याणमित्र : बाबासाहेबांच्या जडणघडणीचा एक पैलू

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र आपल्या संस्थांमधून दरवर्षी सांगितले जाते. महाडचे चवदार तळे, नाशिकचे काळाराम मंदिर, गोलमेज परिषद, भारतीय संविधान आणि नागपूरची दीक्षाभूमी हे त्यातील टप्पे आपल्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतात. या सर्व टप्प्यांच्या आधी एक लहान मुलगा होता. त्याची आई लवकर गेली होती. वर्गात त्याला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि शाळेतील पाण्याच्या भांड्याला हात लावण्याची त्याला मुभा नव्हती. असा मुलगा मनाने मोडून का पडला नाही, हा प्रश्न निवासी शाळेच्या कामात असलेल्या प्रत्येकाने स्वतःला विचारावा असा आहे. अफाट परिश्रम हे त्याचे नेहमी दिले जाणारे उत्तर खरे आहे, पण ते पुरेसे नाही. परिश्रम करण्याचे बळ कुठून येत होते, हेही पाहावे लागते. ते पाहू लागले की बाबासाहेबांच्या आयुष्यात दोन झरे सतत वाहताना दिसतात. एक, जिवाला जीव देणारी माणसे आणि दुसरा, मन रमवणारे छंद.

सुभेदारांचे घर

बाबासाहेबांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. रामजी मालोजी सकपाळ आणि भीमाबाई यांचे ते चौदावे अपत्य. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावचे. रामजी लष्करात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत त्यांनी मुख्याध्यापक म्हणून काम केले होते. निवृत्तीनंतर कुटुंब दापोलीला आणि तेथून साताऱ्याला आले. साताऱ्यात भीमाबाईंचे निधन झाले, तेव्हा भिवा जेमतेम पाच-सहा वर्षांचा होता.

आईविना राहिलेल्या त्या घराला सावरले मीराबाई आत्याने. मीराबाईंच्या पाठीला कुबड होते. कष्टांची सवय असलेल्या या बाईने भावाची मुले आपल्या पदराखाली घेतली. धाकटा भिवा हट्टी आणि खोडकर होता, तरी आत्याचा जीव त्याच्यावर विशेष होता. वडिलांनी दुसरा विवाह केला आणि आईच्या अंगावरचे दागिने नव्या आईच्या अंगावर दिसू लागले, तेव्हा भिवाच्या मनाला फार लागले. आता वडिलांवर अवलंबून राहायचे नाही, मुंबईला पळून जाऊन गिरणीत काम करायचे, असे त्याने मनाशी ठरवले. भाड्याच्या पैशांसाठी आत्याच्या कमरेची पिशवी लांबवण्याचा प्रयत्न त्याने लागोपाठ काही रात्री केला. अखेर पिशवी हाती लागली, तर तिच्यात अवघा अर्धा आणा निघाला. त्या अर्ध्या आण्याने मुलाचे डोळे उघडले. पळून जाण्याचा विचार सोडून त्याने मन लावून शिकण्याचा निश्चय केला. दुःखी मूल पळून जाण्याचा बेत करते, तेव्हा ते वाईट नसते, तर आतून दुखावलेले असते. ही गोष्ट वसतिगृहाच्या अधीक्षकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

सुभेदार कबीरपंथी होते. त्यांच्या घरी सकाळ-संध्याकाळ कबीराचे दोहे आणि संतांचे अभंग म्हटले जात. मुलांनी त्या वेळी हजर राहिलेच पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. बहिणी गोड आवाजात पदे म्हणत आणि घर काही काळ बाहेरच्या जगाचा जाच विसरे. मुलांना हा दंडक कधीकधी जाचक वाटला असेल, पण गाण्याची जी गोडी त्यातून लागली ती बाबासाहेबांना आयुष्यभर पुरली.

1901 मधील मसूरचा प्रवास सर्वांना माहीत आहे. गोरेगाव येथे खजिनदाराचे काम करणाऱ्या वडिलांना भेटण्यासाठी भिवा, त्याचा थोरला भाऊ आणि वारलेल्या बहिणीचे दोन मुलगे असे निघाले. निरोप न मिळाल्यामुळे स्थानकावर त्यांना घ्यायला कोणी आले नाही. मुलांची जात कळताच गाडीवाले मागे सरले. दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकून ती मुले निघाली, पण रात्रभर त्यांना कोणी पाणी दिले नाही. अवमानाची पहिली ठळक जाणीव या प्रवासाने दिली, असे आपण सांगतो. त्यात आणखी एक गोष्ट आहे. त्या रात्री ती मुले चौघे होती. भीती आणि तहान त्यांनी वाटून घेतली. अपमान एकट्याने गिळावा लागला तर तो विषासारखा भिनतो. सोबतीला आपले माणूस असले तर त्याच अपमानातून विचार जन्माला येऊ शकतो.

रोपे आणि पुस्तके

लहानग्या भिवाला बागकामाचा नाद लागला तो साताऱ्यातच. हाती पडलेली पै-पै साठवून तो रोपे विकत आणी आणि त्यांची निगा राखी. माणसांनी ज्याचा स्पर्श नाकारला होता, त्याच्या हाताने लावलेले रोप मात्र खुशाल वाढत होते. झाड विटाळ मानत नाही. लहान मुलाच्या मनाला यातून किती आधार मिळाला असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

1904 च्या सुमारास कुटुंब मुंबईला आले आणि परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागले. त्याच खोलीत स्वयंपाक, तिथेच सरपण, तिथेच जाते आणि तिथेच झोपणे. सुभेदारांनी यावर तोडगा काढला. मुलाने लवकर झोपावे, वडिलांनी रात्री दोन वाजेपर्यंत जागावे आणि मग मुलाला उठवून आपण त्याच्या जागी पडावे. घर निजलेले असताना मिणमिणत्या दिव्यापाशी मुलाचा अभ्यास चाले. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे धडे सुभेदारांनी स्वतः मुलाकडून करून घेतले होते.

या मुंबईच्या दिवसांत भीमरावांना अवांतर वाचनाचे वेड लागले. क्रमिक पुस्तकांपेक्षा बाहेरची पुस्तके त्यांना अधिक ओढू लागली. मुलाला पुस्तक हवे आहे असे कळले, की सुभेदार मुलींच्या सासरी जात. त्यांच्याकडे उसने पैसे मागत, ते नसले तर एखादा दागिना मागून घेऊन गहाण ठेवत आणि पुस्तक घरी आणत. निवृत्तिवेतनाची रक्कम हाती आली की दागिना सोडवून परत करत. मुलाच्या छंदासाठी म्हाताऱ्या बापाने लेकींच्या दारी जावे, यात त्या घराची सगळी श्रीमंती आली.

शाळा सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या उद्यानात जाऊन वाचत बसत. घरच्या एका खोलीत न मिळणारी शांतता त्यांना तिथे मिळे. त्या उद्यानात विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुस्कर येत असत. इतर मुले खेळत असताना नेमाने वाचत बसणारा हा मुलगा त्यांच्या नजरेत भरला. त्यांनी चौकशी केली, जात कळल्यावरही ते मागे सरले नाहीत, आणि ते त्याला वाचायला पुस्तके देऊ लागले. पुढे परीक्षेतील यशाबद्दल समाजाने भरवलेल्या अभिनंदनसभेत केळुस्करगुरुजींनी आपण लिहिलेले गौतम बुद्धांचे मराठी चरित्र भीमरावांना भेट दिले. जवळजवळ अर्धशतकानंतर नागपूरला जो महासागर उसळला, त्याचा एक उगम बागेत भेटलेल्या एका शिक्षकाच्या त्या भेटीत आहे.

1907 मध्ये भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांना 750 पैकी 282 गुण मिळाले होते. आजच्या गुणांच्या स्पर्धेत हा आकडा कोणाला उल्लेखनीय वाटणार नाही. केळुस्करगुरुजींनी मात्र तो आकडा पाहून मुलाची किंमत केली नाही. मुलगा काय वाचतो आणि कशासाठी वाचतो, हे त्यांनी पाहिले होते. पुढे महाविद्यालयीन शिक्षण पैशांअभावी अडू लागले, तेव्हा गुरुजींनीच मध्यस्थी केली आणि महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्याकडून दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. एल्फिन्स्टन महाविद्यालयात प्राध्यापक म्यूलर यांनीही या विद्यार्थ्याला पुस्तके दिली आणि कपडेही पुरवले.

पदवी घेऊन भीमराव बडोद्याला नोकरीवर रुजू झाले आणि थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली. परतीच्या प्रवासात वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून ते सुरतेच्या स्थानकावर उतरले आणि गाडी चुकली. ते घरी पोहोचले तेव्हा सुभेदारांचे प्राण जणू त्यांच्यासाठीच अडकले होते. मुलाच्या पाठीवरून त्यांनी हात फिरवला आणि डोळे मिटले. तो दिवस होता 2 फेब्रुवारी 1913.

परक्या देशातील मित्र

त्याच वर्षी बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तिथे पाणवठ्यावर पहारा नव्हता, पण घरापासूनचे अंतर होते आणि एकटेपण होते. लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात त्यांना नवल भथेना नावाचा पारशी मित्र भेटला. वसतिगृहात जुळलेली ही मैत्री पुढे जन्मभर टिकली.

पोटाला चिमटा घेऊन बाबासाहेबांनी न्यूयॉर्कमध्ये सुमारे 2000 जुनी पुस्तके जमवली. 1917 मध्ये ते परतत असताना त्यांचे सामान वेगळ्या बोटीने निघाले होते. महायुद्धाच्या धामधुमीत ती बोट समुद्रात बुडाली आणि पुस्तकेही गेली. पाठोपाठ बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळेना. ज्या पारशी पथिकाश्रमात ते नाव लपवून राहिले होते, तिथून त्यांना लाठ्या घेतलेल्या जमावाने हुसकावून लावले. विदेशात उच्च शिक्षण घेतलेला हा विद्वान त्या दिवशी कामाठीबागेत झाडाखाली बसून परतीच्या गाडीची वाट पाहत राहिला. पारशी जमावाने त्यांना हाकलले आणि पारशी मित्राने त्यांना उभे केले, हे त्यांच्या आयुष्यातील सत्य आहे. म्हणूनच मनात संताप असूनही त्यांनी कोणत्याही एका जमातीविषयी आंधळा द्वेष बाळगला नाही. 1920 मध्ये अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी ते लंडनला निघाले, तेव्हा स्वतःच्या बचतीबरोबर राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना यांचे कर्ज यांवरच सगळी भिस्त होती. लंडनमध्ये ते सकाळी ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जात ते बंद होईपर्यंत उठत नसत. दुपारचे जेवण बहुधा टळे, आणि रात्री परिचिताने दिलेले पापड भाजून ते भूक भागवत. अडचण आली की मुंबईहून भथेनांकडून पैसे येत. एम.एस्सी., बॅरिस्टर आणि डी.एस्सी. या पदव्यांच्या मागे या मित्राचा न दिसणारा हात आहे.

रमाईंचे घर

शालेय वयातच बाबासाहेबांचा विवाह दापोलीजवळच्या वणंद गावच्या रमाबाईंशी झाला होता. पती परदेशी असताना या माउलीने परळच्या चाळीत तुटपुंज्या पैशांत संसार चालवला आणि घरच्या हालअपेष्टांची झळ पतीच्या अभ्यासाला शक्यतो लागू दिली नाही. पाच अपत्यांपैकी गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार दगावली. 1926 मध्ये राजरत्न गेला, तेव्हा बाबासाहेब पार खचले होते. आपल्या मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी हे दुःख मोकळेपणाने मांडले. एवढ्या धीराच्या माणसालाही मन हलके करण्यासाठी मित्र लागला. दुःख बोलून दाखवणे म्हणजे दुबळेपणा, असे मानणाऱ्या आपल्या किशोरवयीन मुलांना ही गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे.

27 मे 1935 रोजी रमाबाईंचे निधन झाले. पुढे आपल्या पाकिस्तानविषयक ग्रंथाची अर्पणपत्रिका बाबासाहेबांनी आपल्या रामूच्या नावाने लिहिली आणि तिचे शील, तिची सहनशीलता आणि मित्र नसलेल्या काळात तिने दिलेली साथ यांची कृतज्ञ नोंद केली. सार्वजनिक कामामुळे घराला हवा तितका वेळ देता आला नाही, याची खंत त्यांना होती. ही खंतही त्यांच्या चरित्राचा भाग आहे आणि ती झाकण्याचे कारण नाही.

वसतिगृहे आणि हॉकीचा संघ

स्वतःला जे आधार मिळाले ते समाजातील इतर मुलांना मिळावेत, यासाठी बाबासाहेबांनी काय केले, हे आपल्या संस्थेच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. जुलै 1924 मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना केली. वसतिगृहे, वाचनालये आणि अभ्यासमंडळे काढणे हे तिच्या उद्दिष्टांत होते. 4 जानेवारी 1925 रोजी सोलापुरात सभेचे पहिले वसतिगृह सुरू झाले. तिथल्या मुलांना अन्न, वस्त्र आणि पुस्तके मिळत. त्या मुलांनी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिकही चालवले. सभेने मुंबईत मोफत वाचनालय उघडले आणि तरुणांसाठी महार हॉकी क्लब काढला. जुगार आणि दारू यांपासून तरुणांना दूर ठेवायचे तर नुसता उपदेश पुरत नाही. संध्याकाळचे ते रिकामे तास भरून काढणारे काहीतरी त्यांच्या हाती द्यावे लागते, हे त्यामागचे शहाणपण होते. खायला पुरेसे नव्हते अशा समाजासाठी काम करणाऱ्या संस्थेने खेळावर आणि मासिकावर शक्ती खर्च केली, कारण तो खर्च चैनीचा नव्हता.

1928 नंतर आणखी ठिकाणी वसतिगृहे निघाली. त्यांत धारवाडचेही होते. रमाबाई तिथे मुक्कामाला असताना अनुदान न आल्यामुळे मुलांच्या जेवणाची अडचण झाली आणि त्यांनी हातातील सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या, ही आठवण आजही कृतज्ञतेने सांगितली जाते. ज्यांच्या घरची चार मुले काळाने नेली, त्या आईने वसतिगृहातील सगळी लेकरे आपली मानली.

पुढे 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, 1946 मध्ये मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय आणि 1950 मध्ये औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे महाविद्यालय उभे राहिले. सिद्धार्थमध्ये विद्यार्थ्यांची संसद भरे. औरंगाबादच्या परिसराला त्यांनी नागसेनवन हे नाव दिले आणि महाविद्यालयाला मिलिंद राजाचे. राजाने प्रश्न विचारावेत आणि भिक्खूने उत्तरे द्यावीत, अशा त्या संवादाची स्मृती शिक्षणसंस्थेला देण्यात मोठा अर्थ होता. त्या उघड्या माळावर झाडे लावण्याचा आणि ती जगवण्याचा त्यांचा आग्रह असे. साताऱ्यातील रोपे लावणारा मुलगा त्या माळावर पुन्हा भेटतो.

उतारवयातील व्हायोलिन

बाबासाहेबांचे छंद थोरपण आल्यावर गळून पडले नाहीत. 1930 नंतरच्या दशकात दादरला ‘राजगृह’ बांधले ते प्रामुख्याने ग्रंथांसाठी. उत्तम फाउंटन पेन जमवण्याची त्यांना हौस होती. कुत्री पाळण्याची आवड होती. दिल्लीच्या बंगल्यात त्यांनी फुलझाडांची बाग फुलवली. लहर लागली की ते स्वतः स्वयंपाकघरात शिरत आणि पाहुण्यांना आपल्या हातचे खायला घालत. उतारवयात त्यांनी चित्रकलेचा सराव केला आणि नवशिक्या विद्यार्थ्यासारखे व्हायोलिनचे धडे घेतले. त्यांचे व्हायोलिन आज पुण्याच्या सिंबायोसिस संस्थेच्या संग्रहालयात पाहायला मिळते. संविधानाच्या मसुद्याची जबाबदारी पेललेल्या माणसाला व्हायोलिनचे सूर चुकण्याची लाज वाटली नाही, कारण कोणाला ऐकवण्यासाठी ते वाजवत नव्हते. छंदात पहिला क्रमांक नसतो आणि नापास होणेही नसते. परीक्षांनी दमलेल्या मनाला म्हणूनच त्याची गरज असते.

अतिश्रमांनी बाबासाहेबांचे शरीर मात्र लवकर थकले. मधुमेह आणि सांधेदुखीने त्यांना ग्रासले होते. 15 एप्रिल 1948 रोजी त्यांचा विवाह डॉ. शारदा कबीर यांच्याशी झाला आणि माईसाहेबांनी त्यांच्या शुश्रूषेचा भार घेतला. जागून केलेल्या अभ्यासाचा आपण गौरव करतो, तेव्हा त्याची किंमत या देहाने मोजली हेही मुलांना सांगायला हवे. तथागतांनी सोण स्थविरांना वीणेचा दृष्टांत दिला होता. तार फार ताणली तरी सूर लागत नाही आणि फार सैल सोडली तरी लागत नाही. बाबासाहेबांना परिस्थितीने तार ताणायला भाग पाडले. आपल्या मुलांवर ती वेळ येऊ नये, यासाठीच त्यांनी ती ताणली होती.

कल्याणमित्रतेचा वारसा

आनंद स्थविरांनी एकदा कल्याणमित्रता हा श्रेष्ठ जीवनाचा अर्धा भाग असल्याचे म्हटले, तेव्हा भगवंतांनी ती संपूर्ण जीवनच असल्याचे सांगितले. सिगालोवाद सुत्तात त्यांनी खऱ्या आणि खोट्या मित्रांची लक्षणे गृहस्थाच्या तरुण मुलाला समजावून दिली. बाबासाहेबांच्या चरित्रात ही शिकवण माणसांच्या रूपाने दिसते. मीराबाई, सुभेदार, केळुस्करगुरुजी, नवल भथेना आणि रमाई यांपैकी प्रत्येकाने अडचणीच्या वेळी हात दिला, आणि त्या बदल्यात त्याला बांधून ठेवले नाही.

आपल्या शाळेत दहा-अकरा वर्षांची लेकरे घर सोडून येतात. पहिल्या काही रात्री त्यांना झोप लागत नाही. अशा मुलाला वाफ्यातील एक रोप सांभाळायला द्यावे, ग्रंथालयाची खिडकी त्याच्यासाठी थोडा अधिक वेळ उघडी ठेवावी, पेटी किंवा तबला शिकू द्यावा, मैदानावर संघात घ्यावे. कोपऱ्यात एकटे बसणाऱ्या मुलाजवळ शिक्षकांनी जाऊन चौकशी करावी, जशी केळुस्करगुरुजींनी उद्यानात केली. वरच्या वर्गातील मुलांनी धाकट्यांना पाठची भावंडे मानावे. यासाठी फार पैसा लागत नाही, लक्ष मात्र लागते.

5 डिसेंबर 1956 च्या रात्री दिल्लीच्या 26, अलीपूर रोड येथील निवासस्थानी बाबासाहेब थकून बसले होते. त्यांनी बुद्धवंदनेच्या ओळी गुणगुणल्या. थोड्या वेळाने उठून जाताना त्यांच्या ओठांवर कबीराचे पद आले. मग ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद त्यांनी उशाशी मागून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे महापरिनिर्वाण झाल्याचे कळले. वडिलांनी लावलेली पदांची गोडी, गुरुजींनी हाती दिलेले तथागतांचे चरित्र आणि आयुष्यभराची ग्रंथांची सोबत, यांतले काहीही शेवटच्या रात्रीपर्यंत सुटले नव्हते. बालपणी प्रेमाने दिलेली गोष्ट माणसाला इतकी लांबवर साथ करते. आपल्या मुलांच्या हाती आपण आज काय देत आहोत, याचा विचार या स्मरणिकेच्या निमित्ताने आपण सर्वांनी करावा.

भवतु सब्ब मंगलं!